जिनातला कापूस आणि डिक्सनचा शेअर

मंडळी, या पानावर एरवी किल्ले, ताम्रपट, जुनी मासिकं असलं काहीबाही असतं. आज चक्क शेअर बाजार! नागपूरच्या ताई आणि पुण्याची मंडळी वाचून हसणार हे ठाऊक आहे. हसा बाप्पा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय घरचाच आहे.

माझ्या पुण्याच्या पुतण्याने मला डिक्सन टेक्नॉलॉजीज नावाच्या कंपनीचे कागद पाठवले आणि विचारलं, "मोठेबाबा, घ्यावा का हा शेअर?" स्वतःच्या पगारातून घ्यायचा असता तर मी एका ओळीत उत्तर दिलं असतं. पण त्याच्या मनात आहे ते आईच्या पैशाचं. माझा धाकटा भाऊ गेल्यावर त्याच्या वाटणीचं अडीच एकर वावर विकलं, त्याचे १८ लाख भावसुनेच्या नावावर बँकेत आहेत. तिला पेन्शन नाही. वावर गेलं ते गेलं, आता तेवढाच तिचा आधार. तेव्हा प्रश्न सोपा नाही.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. ताळेबंद वाचायची विद्या माझी नाही, ती थोडीफार या निमित्ताने शिकलो. पण कागद वाचता वाचता लक्षात आलं की ही कंपनी जो धंदा करते तो आम्हा वर्धा जिल्ह्याच्या लोकांना अजिबात नवा नाही. नाव तेवढं नवं आहे, 'कंत्राटी उत्पादन'. म्हणजे काय, तर टीव्ही, फोन, वॉशिंग मशीन, एलईडी दिवे बनवायचे, पण त्यावर नाव दुसऱ्याचं. दुकानात तुम्ही घेता मोटोरोलाचा फोन, पॅनासॉनिकचा टीव्ही. डिक्सन हे नाव तुम्हाला कुठे दिसतच नाही.

आता जिनिंग आठवा. वर्धा, पुलगाव, आर्वी, हिंगणघाट, कुठेही जा, जिनिंग-प्रेसिंग आहेच. आमच्या आंजीतल्या लहान पोरालाही सांगावं लागत नाही की कापूस जिनात जातो. गाड्या लागतात, आवारात पांढरी गंजी उभी राहते, रेच्यावर सरकी वेगळी होते आणि रुई वेगळी. एका क्विंटल कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी, थोडी घट. १७० किलो रुईची एक गाठ. म्हणजे पाच क्विंटल कापसाची एक गाठ झाली. ज्याचा कापूस त्याची रुई, त्याचीच सरकी. जिनवाल्याला मिळते ती ठरलेली मजुरी. कापसाचा भाव चढला तरी मजुरी तीच, पडला तरी तीच. यंत्र त्याचं, वीज त्याची, मजूर त्याचे, आगीची धास्तीही त्याची (कापसाच्या गंजीला लागलेली आग ज्याने पाहिली आहे तो ती विसरत नाही). कापूस मात्र परक्याचा.

आणि आमच्याकडे तर याच्याही पुढची गोष्ट घडली. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस सरकारी योजनेच्या केंद्रावरच घालायचा, व्यापाऱ्याला विकायचा नाही. शेजारच्या राज्यात भाव चढला की सीमेपलीकडे रातोरात जाणाऱ्या कापसाची कथा वेगळी, ती पुन्हा कधी तरी. जिनांच्या बाजूने पाहिलं तर काय झालं? गिऱ्हाईक एकच उरलं, महासंघ. काम चालत दाराशी येत होतं. कापूस विकत घ्यायला भांडवल नको, भावाची जोखीम नको, रुई विकायला मुंबईच्या दलालाचे पाय धरायला नको. दसऱ्यापासून होळीपर्यंत रेचे चालायचे आणि मजुरी मिळायची. पण त्या मजुरीचा दर कोण ठरवणार? तेच एकमेव गिऱ्हाईक.

मग योजनेचा तोटा वाढत गेला आणि २००२ च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यांना पुन्हा खरेदीची मुभा मिळाली. एकाधिकार संपला. ज्यांनी आयुष्यभर नुसती मजुरीच केली होती अशा कित्येक जिनांच्या आवारात बाभळी उगवल्या. ज्यांनी स्वतः कापूस घेऊन रुई विकायला सुरुवात केली, नवी यंत्रं बसवली, ते चालले. पण मग ते जिनवाले राहिले नाहीत, व्यापारी झाले. व्यापाऱ्याची जोखीम त्यांच्या डोक्यावर आली.

मला डिक्सनचे कागद वाचताना हेच जिन दिसत राहिलं. कापूस कुणाचा, गिऱ्हाईकं किती, मजुरीचा दर कुणाच्या हातात, आणि या सगळ्यात सरकारचा हात कुठवर. शेअरचा भाव हा त्याच्या नंतरचा प्रश्न.

आता टीव्हीकडे वळू, कारण डिक्सनची कुळकथा टीव्हीपासूनच सुरू होते.

१५ ऑगस्ट १९८२ ला आपल्या दूरदर्शनवर रंग आले आणि त्याच नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई खेळ झाले. त्यासाठी सरकारने रंगीत संच बाहेरून आणायला मुभा दिली, सुटे भाग आणून इथे जोडायलाही दिली. जोडणाऱ्यांचं पीक आलं. माझ्या वयाच्या लोकांनी ही नावं म्हणून पाहावीत: वेस्टन, क्राऊन, टेलिव्हिस्टा, डायनोरा, टेक्सला, सलोरा, अपट्रॉन, केल्ट्रॉन, बीपीएल. १९८७ ला 'रामायण' सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी गावातल्या ज्या घरी संच असेल त्या घरी अख्खा मोहल्ला, आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. त्या संचांपैकी किती नावं आज दुकानात उरली? मुलांना विचारा, एकही सांगता येणार नाही.

ही नावं का बुडाली याची कारणं ठरलेली आहेत. १९९१ नंतर दारं उघडली. १९९५ ला सॅमसंग आली, १९९७ ला एलजी. आपण १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या जागतिक करारात सामील झालो आणि २००५ पर्यंत संगणक, फोन, त्यांचे भाग यांवरची जकात शून्यावर आणली. २००४ मध्ये थायलंडशी झालेल्या सवलतीच्या व्यवहारात रंगीत टीव्ही तिथून स्वस्तात येऊ लागला. इथे बनवण्यापेक्षा तिथून आणणं परवडू लागलं. जकातीची एक रेघ इकडची तिकडे झाली की कारखान्याची वीट हलते, हे आम्ही सातवीच्या वर्गात ढाक्याच्या मलमलीच्या धड्यात शिकवत होतो. दोनशे वर्षांनी तेच.

त्या यादीतली वेस्टन ही वाचानी कुटुंबाची. त्याच घरातल्या सुनील वाचानी यांनी १९९३ साली डिक्सन काढली आणि नोएडात टीव्ही जोडायला सुरुवात केली. मला या गोष्टीचं फार नवल वाटलं. घरात एक नाव होतं, देशभर पोहोचलेलं. आणि मुलगा धंदा काढतो तो नाव नसलेला! ज्यांची नावं चालतील त्यांच्यासाठी आम्ही बनवू, नावाच्या लढाईत आम्ही नाही. नावं एकमेकांशी भांडून मेली तरी टीव्ही कुणीतरी जोडायलाच हवा ना.

याच्या उलट टोक आपल्या महाराष्ट्रात आहे, व्हिडिओकॉन. धूत कुटुंबाचं हे नाव औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) चितेगावच्या कारखान्यातून देशभर गेलं. मराठवाड्यात इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना, तोही एवढा मोठा, याचा आपल्याला केवढा अभिमान होता. नाव होतं, कारखाना होता, दुकानांची साखळी होती. २००५ साली त्यांनी फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको, चीन इथले कारखाने. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. पण नेमक्या त्याच काळात ट्यूबवाला जाडा टीव्ही जगातून उठत होता आणि पातळ पडदे येत होते. थॉमसनला विकायची घाई का होती, हे त्यावरून कळावं. पुढे तेल, मग मोबाइल सेवा. कर्ज वाढत गेलं. २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेलं. जून २०२१ मध्ये न्यायाधिकरणाने जी योजना मंजूर केली तिच्यात सुमारे ६४,८०० कोटींच्या देण्यांसमोर मिळणार होते ३,००० कोटींच्या आत. भागधारकाच्या वाट्याला शून्य, शेअर बाजारातून बाद. जानेवारी २०२२ मध्ये ती योजना अपिलात रद्द झाली, पण शेअरमध्ये काही जीव आला नाही.

तेव्हा नाव असणं ही काही ढाल नाही. मग नाव नसणं ही ढाल आहे का?

पुतण्याच्या कागदांत एक वाक्य होतं, "भारताची फॉक्सकॉन". फॉक्सकॉनची मूळ कंपनी होन हाय ही १९७४ साली तैवानमध्ये टेरी गौ यांनी काढली. सुरुवात कशाने, तर टीव्हीच्या चॅनेल बदलायच्या प्लास्टिकच्या बटणांनी. ती कटकट वाजणारी गोल बटणं आठवतात ना? त्यापासून ते जगातले निम्म्याहून जास्त आयफोन बनवण्यापर्यंत. ही गोष्ट सगळे सांगतात, कारण ती यशाची आहे.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात सोलेक्ट्रॉन नावाची कंपनी होती, १९७७ सालची. धंदा हाच, दुसऱ्यांसाठी सर्किट बोर्ड आणि यंत्रं बनवणं. कामाची गुणवत्ता अशी की अमेरिकी सरकारचा बॉल्ड्रिज पुरस्कार तिला दोनदा मिळाला, १९९१ ला आणि १९९७ ला. इंटरनेटच्या भरभराटीत मोठमोठ्या कंपन्या तिला ऑर्डरी देत होत्या. तिचा शेअर २००० साली चाळीस डॉलरच्या वर होता. मग २००१ मध्ये भरभराटीचा फुगा फुटला, गिऱ्हाइकांनी ऑर्डरी कापल्या आणि त्यांच्यासाठी आणून ठेवलेला माल हिच्या गोदामात पडून राहिला. कापूस परक्याचा म्हणता म्हणता गंजी आपल्या अंगणात. २००२ मध्ये शेअर ३ डॉलरच्या खाली गेला. २००७ मध्ये प्रतिस्पर्धी फ्लेक्स्ट्रॉनिक्सने ती सुमारे ३६० कोटी डॉलरला घेतली. कारखाना वाईट नव्हता, कामगार वाईट नव्हते, लबाडीही नव्हती. शेअर मात्र धुळीला मिळाला.

आणि आपल्याच देशातलं उदाहरण. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला नोकियाचा कारखाना २००६ मध्ये सुरू झाला. त्याच्या भोवती तिला माल पुरवणारे कारखाने उभे राहिले, त्यात फॉक्सकॉनही होती. नोकियाचं बाजारात काही चालेना, त्यात करांचे वाद, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये तो कारखाना थांबला. पाठोपाठ फॉक्सकॉननेही तिथलं काम बंद केलं. हजारो मुलीबाळी घरी बसल्या. फॉक्सकॉनला जगभर दुसरी गिऱ्हाइकं होती म्हणून ती पुन्हा त्या भागात उभी राहिली. ज्यांचं गिऱ्हाईक एकच होतं त्यांचं काय झालं असेल, ते आमच्या जिनांवरून ताडावं.

आता डिक्सन. तिचे शेअर सप्टेंबर २०१७ मध्ये लोकांना विकायला काढले, भाव १,७६६ रुपये. अर्जांचा पाऊस पडला, मागणी शंभरपटीच्या वर. त्या वेळच्या कागदात तिच्या गिऱ्हाइकांची नावं आहेत: पॅनासॉनिक, फिलिप्स, हायर, आणि त्याचबरोबर जिओनी, इंटेक्स, मिताशी. शेवटची तीन नावं पुन्हा वाचा. जिओनी या चिनी कंपनीचं २०१८ संपता संपता तिच्याच देशात दिवाळं निघालं. इंटेक्सचे फोन आज कुणाच्या हातात दिसतात? मिताशीचं नावही कानावर पडत नाही. म्हणजे ज्यांच्या भरवशावर शेअर विकला त्यातली काही गिऱ्हाइकं नंतर उरलीच नाहीत, आणि तरीही डिक्सन वाढली. एक गेलं, दोन नवी आली. वाचानींनी वेस्टनच्या घरात जे पाहिलं त्याचा हा उपयोग असावा असं मला वाटतं. ही तिची सगळ्यात जमेची बाजू, आणि माझ्या मते नफ्याच्या आकड्यापेक्षाही मोठी.

नफ्याचे आकडे असे. २०१७-१८ मध्ये विक्री २,८४२ कोटी, नफा ६१ कोटी. २०२३-२४ मध्ये विक्री १७,६९१ कोटी, नफा ३७५ कोटी. शंभर रुपयांच्या मालात दोन रुपये आणि काही पैसे! दोन्ही वर्षांत जवळजवळ तेवढेच. ही जिनाची मजुरीच झाली. वाढ झाली ती कापूस वाढल्याने, मजुरीचा दर वाढल्याने नाही.

पुतण्या म्हणेल, दोन टक्के म्हणजे अगदीच किरकोळ. तसं नाही. आठवडी बाजारातला भाजीवाला पहा. सकाळी उधारीवर हजाराचा माल उचलतो, संध्याकाळी वीस-पंचवीस रुपये सुटले तरी तेच भांडवल, तेही दुसऱ्याचं, तो रोज फिरवतो. वर्षाच्या शेवटी हिशेब केला तर बँकेच्या व्याजापेक्षा कितीतरी जास्त. डिक्सनचं तसंच आहे. भाग घेणार मुदतीवर, माल विकून पैसे लवकर मोकळे करणार. म्हणून धंद्यात घातलेल्या पैशावरचा परतावा २० टक्क्यांच्या वर जातो. मात्र भाजीवाल्याची फिरत थांबली, दोन दिवस माल पडून राहिला, तर त्या दोन टक्क्यांना जायला वेळ लागत नाही. सोलेक्ट्रॉनचं हेच झालं.

शिवाय काही वस्तूंत, म्हणजे दिवे आणि वॉशिंग मशीनमध्ये, डिक्सन आराखडाही स्वतःच करते. तिथे ती जिनवाली कमी आणि कारागीर जास्त. फोनमध्ये मात्र मुख्यतः जुळणी. चिप बाहेरची, पडद्याचे मुख्य भाग बाहेरचे, नमुना गिऱ्हाइकाचा. आणि गेल्या काही वर्षांतली प्रचंड वाढ झाली ती फोनमध्येच.

ती का झाली? इथे सरकार येतं. डिसेंबर २०१७ मध्ये बाहेरून येणाऱ्या फोनवरची जकात १५ टक्के केली, लगेच पुढच्या अर्थसंकल्पात २० टक्के. एप्रिल २०२० मध्ये उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहनाची योजना आली. आधारवर्षापेक्षा जेवढा जास्त माल विकाल त्यावर ४ ते ६ टक्के सरकार देणार, तेही ठरावीक वर्षांपुरतं. धंद्याचा नफा दोन टक्के आणि सरकारचं प्रोत्साहन त्याच्या दुप्पट-तिप्पट! अर्थात ते सगळं कंपनीच्या खिशात राहत नाही, गिऱ्हाईक त्यातला वाटा भावात मागून घेतं. पण ज्याचा धंदा अशा टेकूवर वाढला त्याच्याबद्दल एवढं तरी विचारायला हवं की टेकू काढल्यावर भिंत किती उभी राहील. मार्च २०२५ मध्ये सुटे भाग इथेच बनवण्यासाठी २२,९१९ कोटींची नवी योजना मंजूर झाली, डिक्सनही त्या दिशेने निघाली. डिसेंबर २०२४ मध्ये तिने विवोबरोबर भागीदारीचा करार जाहीर केला, तेव्हाही सरकारी मंजुरीची अट होतीच, कारण २०२० पासून चिनी गुंतवणुकीला आधी परवानगी लागते. पदोपदी सरकार.

सरकारी घोषणांचं म्हणाल तर आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी तरी सावध असावं. ऑगस्ट २०१५ मध्ये फॉक्सकॉन महाराष्ट्रात ५ अब्ज डॉलर घालणार असा करार झाला, ते झालं नाही. २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा चिपचा कारखाना तळेगावला येता येता गुजरातला गेला, आपण महिनाभर त्यावर भांडलो, आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातूनच बाहेर पडली. ज्या कारखान्यासाठी भांडलो तो कुठेच झाला नाही!

असो. आता भावाकडे येऊ. मार्च २०२१ मध्ये डिक्सनच्या एका शेअरचे पाच झाले. म्हणजे २०१७ चे १,७६६ हे आजच्या हिशेबाने ३५३ रुपये. डिसेंबर २०२४ मध्ये तोच शेअर १९,००० च्या आसपास गेला होता. सात वर्षांत ५४ पट. याच काळात नफा किती वाढला? २०१७-१८ च्या ६१ कोटींवरून २०२४-२५ मध्ये १,२०० कोटींच्या वर. साधारण २० पट. आणि त्या १,२०० कोटींत धंद्याबाहेरचा, एकदाच होणारा लाभही आहे. कंपनीचे शेअर सुमारे ६ कोटी. १९,००० च्या भावाने सगळ्या कंपनीची किंमत होते १ लाख १४ हजार कोटी. नफ्याने भागा. ९५ येतात. म्हणजे नफा तेवढाच राहिला तर घातलेले पैसे भरून यायला ९५ वर्षं.

नफा तेवढाच राहणार नाही, वाढेल, हे मलाही मान्य आहे. पण नफ्याच्या वाढीवर भावाची जी आणखी साधारण २.७ पट वाढ झाली ती कारखान्याने कमावलेली नाही, लोकांच्या अपेक्षेने दिलेली आहे. अपेक्षा परत घ्यायला लोकांना कुणाची परवानगी लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये एका तिमाहीचे आकडे लागले, आकडे चांगलेच होते, तरी एका दिवसात शेअर १० टक्क्यांहून जास्त खाली आला. फार चांगले नव्हते म्हणून!

इथे कुणी म्हणेल, मास्तर, तुम्ही भित्रे. इतिहासात नको म्हणणाऱ्यांचंही हसं झालंच आहे. खरं आहे, आणि ते उदाहरण आपल्या नागपूरचंच. १८७० च्या दशकात जमशेटजी टाटा नागपुरात गिरणी काढायला आले. जागा घेतली ती सखल, दलदलीची, भर घालून उंच करावी लागणारी. तिथल्या एका मारवाडी सावकाराने पैसे द्यायला नकार दिला, खड्ड्यात माती भरायला मी पैसे देणार नाही म्हणून. १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली आणि तिने भागधारकांना इतकं दिलं की पुढे त्याच सावकाराला कबूल करावं लागलं, टाटांनी माती घातली आणि सोनं काढलं. पण त्या गोष्टीत दोन बारकावे आहेत. एम्प्रेसचा कापूस तिचा, सूत तिचं, नावही तिचं. आणि ज्यांनी तेव्हा शेअर घेतले त्यांनी कुणी शंका घेत असताना घेतले, सगळे टाळ्या वाजवत असताना नाही. (तीच मिल १९८६ मध्ये राज्य सरकारने ताब्यात घेतली आणि २००२ मध्ये बंद पडली. सव्वाशे वर्षं म्हणजे काही कमी नाही म्हणा.)

मी पुतण्याला लिहिलं ते असं. तुझ्या पगारातून दर महिन्याला थोडे घे, पाच-दहा वर्षं विसरून जा, मला त्यात काही वावगं वाटत नाही. धंदा खरा आहे, चालवणारे हुशार आहेत, गिऱ्हाइकं बदलत राहायची त्यांना सवय आहे. भाव पडला तर तुझी नोकरी आहे, तू तिशीत आहेस. दर तिमाहीला नफ्याच्या आधी एवढं बघ, की सगळ्यात मोठ्या एका गिऱ्हाइकाचा वाटा वाढतोय की कमी होतोय, आणि गोदामातला माल विक्रीपेक्षा जोरात वाढतोय का. आईच्या १८ लाखांतला एक रुपयाही यात नको. ती साठीच्या पुढची आहे. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत तिमाहीला व्याज येतं, त्यातून तिचं दळण-दूध आणि औषध चालेल. जिनाच्या मजुरीवर जगणं जिनमालकाला जमत होतं, कारण त्याच्याकडे शेतीही होती. हिची शेती तर आपण विकली.

त्याचं उत्तर आलं, "मग सुप्याची कंपनी कशी आहे? ती तर आपल्या महाराष्ट्रातच बनवते." पीजी इलेक्ट्रोप्लास्ट. मुख्य ठाणं उत्तरेत, पण अहिल्यानगर जिल्ह्यात सुप्याला तिचा मोठा कारखाना आहे, तिथे दुसऱ्यांच्या नावाचे एसी बनतात. सप्टेंबर २०११ मध्ये २१० रुपयांना शेअर विकला, नंतर कितीतरी वर्षं तो त्या भावाच्या खाली लोळत होता. मग दिवस पालटले. २०२४ मध्ये एकाचे दहा झाले, म्हणजे जुने २१० हे नवे २१, आणि जानेवारी २०२५ मध्ये भाव हजाराच्या घरात. त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, हे आपल्या सगळ्यांना आठवत असेल. उन्हाळा तापलाच नाही, एसी दुकानात पडून राहिले. ऑगस्टमध्ये कंपनीने वर्षभराच्या विक्रीचा अंदाज खाली आणला आणि एका दिवसात शेअरचा जवळजवळ पाचवा हिस्सा उडाला.